रणगाड्यासमोर उभी राहिलेली आमची सून

लुझविमिंदा माझी भावजय. धाकट्या नीरवची बायको. तिच्या देशाच्या तीन भागांची नावं जोडून बापानं हे नाव ठेवलं. अख्खा देश नावात घेऊन फिरणारी दुसरी सून दाखवा मला! मनिलाच्या चर्चमध्ये लग्न लागलं, तेव्हा मी जरीचा फेटा बांधून पहिल्या बाकावर होतो. मी सातवी पास. पण दुबईत एसीचं वर्कशॉप स्वतःचं, आणि नीरवला इंजिनियर केला तो मीच.

शहाऐंशी साली वीस वर्षं खुर्ची उबवणाऱ्या हुकूमशहाला तिच्या लोकांनी हाकललं. तेव्हा ही कॉलेजातली पोर नन लोकांच्या रांगेत, हातात जपमाळ घेऊन रणगाड्यासमोर उभी होती. जागची हलली नाही.

तिला हलवलं ते दुबईतल्या अल मनखूल भागातल्या एका फ्लॅटनं.

अठ्ठ्याण्णवचा जून, गुरुवारची संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी तिच्या देशाच्या स्वातंत्र्याच्या घोषणेला शंभर वर्षं होणार, म्हणून ती सकाळपासून खुशीत. त्यात नीरवच्या साहेबांकडे, राजनकडे, सत्यनारायण. लग्नाला दोन वर्षं झाली, पण तो तिला आपल्या लोकांत पहिल्यांदाच नेत होता. आज तरी हा चारचौघांत बायको म्हणेल, एवढीच तिची आशा. मी दिलेली हिरवी साडी नेसली होती. मी तिथं नव्हतो, पुढचं सगळं तिनंच मला नंतर सांगितलं.

साहेबांची आई सोफ्यावर बसली होती. लुझवीनं वाकून म्हातारीचा हात धरला आणि आपल्या कपाळाला लावला. त्यांच्यात मोठ्यांना नमस्कार असाच करतात. म्हातारीनं हात हिसकावून घेतला, पदराला खसाखसा पुसला.

"अगं अनुपमा, नवी बाई ठेवलीस का? आत पाठव हिला, भांडी पडलीत."

साहेबांची बायको हसत आली. "नीरव, हू इज शी?"

नीरवनं साहेबांकडे बघितलं, मग कार्पेटकडे. "शी इज फ्रॉम माय ऑफिस, वहिनी. इंडियन फूड आवडतं हिला."

थू! माझ्याच रक्ताचा, पण नाव घेताना तोंड कडू होतं. ती बिचारी दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला, आणि ह्याच्या ऑफिसातली कधी झाली? प्रसादाचा शिरा तिच्या तोंडात नुसता फिरत राहिला. बाथरूममध्ये जाऊन थुंकून आली.

गाडीत हा म्हणतो, "लुझ, प्रमोशन आहे गं. हळूहळू सांगू सगळ्यांना."

"इन्शाल्ला," ती म्हणाली. दुबईत काम टाळायचं असलं की सगळे हेच म्हणतात. त्यानं खांद्यावर हात ठेवला, तर अंगावर पाल पडल्यासारखी ती आक्रसली.

शुक्रवारी सकाळी त्या शंभरीच्या सोहळ्याला एका शाळेचा हॉल तिच्या लोकांनी गच्च भरला होता. बायकांच्या बाह्या फुलपाखराच्या पंखांसारख्या ताठ. नीरव मागून आला, इस्त्रीचा शर्ट, हातात फुलं. तिच्या लोकांत तो आजवर फिरकला नव्हता, त्याला कोण ओळखणार?

तिच्या मैत्रिणीनं, नेनितानं, विचारलं, "लुझ, हू इज ही?"

लुझवीनं सरळ त्याच्या डोळ्यांत बघितलं.

"ऑफिसमधला आहे," ती म्हणाली. "ह्याला फिलिपिनो फूड आवडतं."

आणि झेंड्याकडे तोंड करून ताठ उभी राहिली.