पाच नंबर

मंगळवारी वडील गेले.

त्यांचा पाय पाच नंबरचा, माझाही. दुकानदार आम्हाला लहान मुलांच्या कपाटाकडे पाठवत. मोठा बूट घेतला तर पुढे कापूस कोंबावा लागे. शेवटी एका मोचीकाकांनी वडिलांना मापाचे काळे बूट शिवून दिले.

तेराव्याला आत्या म्हणाली, "दादाचे बूट घरात ठेवू नकोस. गुरुजींना दान दे."

गुरुजींनी पाय घातला. बसू नयेत, असं मी मनात म्हणत होतो. टाच बाहेरच राहिली.

"यजमान, यात माझा अंगठाच मावेल. तुम्हीच घाला."

आत्याने बूट माझ्यापुढे सरकवले.

बापाची वहाण मुलाला आली की मुलगा मित्र होतो, म्हणतात. मला ती पंधराव्या वर्षीच आली होती. मित्र व्हायचं मात्र राहून गेलं.

बूट आता माझ्या पायात आहेत. कापूस लागत नाही.