बिनब्रेकची जीप, बायांचा दोर

माझ्या जीपला ब्रेक नव्हता असं आमच्या गावात सांगतात. साफ खोटं आहे. ब्रेक होता. तो दाबल्यावर काही होत नव्हतं, एवढंच.

गाव अमडापूरजवळ. मी निवृत्त शिक्षिका. जन्मभर पोरांना इतिहास शिकवला, आणि जीप माझ्या नोकरीइतकीच जुनी. तिचा मूळ रंग कोणता यावर आमच्या घरात आजही दोन पक्ष आहेत. हॉर्न मात्र असा की मी अंगणात वाजवला तर मेहकरच्या स्टँडवर लोक बाजूला सरकतात. गाडी मी चालवते. आमचे हे शेजारी बसतात, मांडीवर दगड घेऊन. हँडब्रेक गेल्याला जमाना झाला. गाडी उभी केली की यांनी उडी मारून तो दगड चाकाखाली लावायचा. एवढ्या वर्षांच्या संसारात आमचं इतकं एकमत दुसऱ्या कशावर झालेलं नाही.

गेल्या साली मार्चमध्ये बुलढाण्याहून परत येत होतो. गावाच्या अलीकडच्या उतारावर मी ब्रेक दाबला, तर पाय थेट तळाला.

"अहो, ब्रेक लागून नाही राह्यला."

"मंग?"

"दगड धरा."

"चालत्या गाडीतून?"

पुढे बोलायला वेळ नव्हता. वळणावर कोणीतरी हरभऱ्याचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, रचून ठेवलं होतं, ढीग चांगला दोन मजली. मी जीप त्यात घातली. अशी घातली की जीप दिसेना, नुसता हॉर्न ऐकू येत होता. शेताचा मालक पळत आला आणि ढिगालाच विचारू लागला, "कोन हाय बे आत?"

"मॅडम हाय," आतून हे म्हणाले.

"मंग ठीक हाय," म्हणत तो माणूस आपल्या कामाला लागला. कुटार अंगाला खाजतं म्हणतात. आम्ही आठवडाभर एकमेकांशी भांडलो नाही, दोन्ही हात खाजवण्यात गुंतलेले होते.

मेहकरच्या मिस्त्रीने जीपखाली जाऊन पाहिलं आणि बाहेर येऊन हात पुसले. "मॅडम, हिले मिस्त्री नाई, इतिहासाचा मास्तर लागते."

"तो उभा आहे ना तुझ्यासमोर," मी म्हटलं.

त्याने अकोल्याला पार्ट सांगितला. तो पार्ट येईना, आणि जयंती जवळ आली.

जयंती म्हटलं की कोणाची, हे आमच्या वस्तीत विचारावं लागत नाही. मिरवणुकीत फोटो माझ्या जीपवर असतो आणि जीप सगळ्यांत पुढे. जीप घेतली त्या वर्षापासूनचा हा मान. जीपच्या मागे लेझीम, मग बँड, मग डीजे, डीजेच्या मागे पोरं, आणि अगदी शेवटी, डीजेच्या जनरेटरचा धूर खात, पांढऱ्या साड्यांतल्या बाया. त्यांच्यात मी कधी नव्हते, कारण मी स्टेअरिंगवर. त्यामुळे शेवटी चालणं म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हतं.

विहारात बैठक भरली. समितीचा अध्यक्ष माझाच विद्यार्थी. त्याने नुकतीच पिकअप घेतली होती.

"मॅडम, यंदा फोटो पिकअपवर. तुमच्या गाडीले ब्रेक नाई."

"पार्ट येऊन राह्यला अकोल्याहून."

"कधीचा येऊनच राह्यला. पायी येते काय?"

सगळे हसले. त्याचं म्हणणं खरं होतं, म्हणून मला जास्त राग आला.

"पहिल्या गियरात माझी जीप माणसापेक्षा हळू चालते," मी म्हटलं.

"चालते, मॅडम. पन मिरवणूक चालत नाई, थांबते. दर धा पावलांवर पोरं नाचतीन. शाळेपासून चौकापर्यंत सारा उतार. तिथं थांबवता कशी?"

याचं उत्तर मागून आलं. आमची शेजारीण, मजुरीला जाणारी बाई, आवाज माझ्या हॉर्नच्या खालोखाल. ती बसल्या जागेवरून म्हणाली, "आमी धरतो ना."

"काय धरता?"

"जीप. मांगून दोर बांधा, आमी धरतो. कापसाची ट्रॉली चिखलात फसली का बायाच लागतात तुमाले ढकलायले. तवा नाई म्हनत तू, काई होईन म्हून."

"अन् जीपच्या मांगं म्हंजे लेझीमच्याई पुढं," दुसरी एक हळूच म्हणाली. अध्यक्षाने ते ऐकलं नाही. मी ऐकलं.

बराच गलका झाला. शेवटी तो म्हणाला, "ठीक हाय. पन जीपच्या पुढं एकई लेकरू नाई. अन् माही पिकअप चौकात उभी राहीन. जराबी घोटाळा झाला तं फोटो तिथंच पिकअपवर, अन् पुढल्या सालापासून तुमची जीप बंद."

"मंजूर," मी म्हटलं. पार्ट येवो न येवो.

विहिरीवरचे दोन जाड दोर जीपच्या मागच्या हुकाला बांधले. दोन्ही दोरांना दुतर्फा बाया, पदर खोचून. आमचे हे दगड घेऊन चाकाजवळ. त्यांनी तो जयंतीसाठी निळा रंगवला होता. उतार लागला. मी हात वर केला की बाया मागे रेलायच्या आणि जीप जागच्या जागी उभी. इंजिन तापू नये म्हणून मी बंद करायचे. कारखान्यातून नव्या निघालेल्या गाडीचा ब्रेक असा लागत नसेल. शेजारणीचा मागून आवाज, "मॅडम, बिनधास्त बसा, झोप आली तं झोपा!"

अर्ध्या उतारावर बँडवाल्याने ठेका बदलला.

आता हा ठेका ऐकून हात वर न करता नाचणारी बाई आमच्या वस्तीत जन्माला आलेली नाही. बायांनी हात वर केले. हात वर केले म्हणजे दोर खाली. मी आरशात पाहिलं तर सगळी वस्ती नाचते आहे, आणि मधोमध आमचे हे, डोक्यावर निळा दगड घेऊन.

जीप निघाली. इंजिन बंद, गियर पडेना, नुसती खरखर. मी हॉर्न दाबला तो सोडलाच नाही. कडेचे लोक भिंतींना चिकटले, पाणीपुरीची गाडी कोणाच्या तरी ओसरीत शिरली, म्हशींनी आपणहून वाट दिली. मागून शेजारणीची आरोळी, "धरा वं बायांनो, गाडी चालली!" चपला उतारावर टाकून बाया धावल्या. बाया धावल्या म्हणून लेझीम धावलं, लेझीम धावलं म्हणून बँड, आणि डीजेवाल्याला कळेना की आपण कोणाच्या मागे आहोत, म्हणून तोही धावला. जिल्ह्यात एवढ्या वेगाची मिरवणूक आजवर निघालेली नाही.

चौकाच्या तोंडाशी दोन्ही दोर ताणले गेले. बायांनी टाचा मातीत रोवल्या. जीप गुरगुरली, डुलली, आणि अध्यक्षाच्या नव्या पिकअपपासून हातभर अंतरावर उभी राहिली. फोटो मी माझ्या लुगड्याने बांधला होता. हाराचं फूलही हललं नव्हतं.

पिकअपवर अध्यक्ष, हातात हार. त्याचा चेहरा खडूसारखा.

"पाह्यलं? थांबली ना?" शेजारीण धापा टाकत म्हणाली.

"सोडली होती तुमी!"

"मंग धरली कोनं?"

बाजूला बंदोबस्ताचा पोलीस घड्याळ बघत उभा होता. तो म्हणाला, "काई म्हना, पह्यल्यांदा टायमावर आली मिरवणूक." लोक हसले. अध्यक्षाने एकदा बायांकडे पाहिलं. दोर अजून त्यांच्या मुठीत होते. मग पिकअपवरूनच वाकून त्याने हातातला हार जीपवरच्या फोटोला घातला.

पार्ट त्यानंतर आला. आता जीपचा ब्रेक असा लागतो की यांचं कपाळ काचेवर आपटतं. यंदाच्या बैठकीत मी हे हौसेने सांगितलं, तर शेजारीण खूश होण्याऐवजी उठून उभी राहिली.

"म्हंजे यंदा आमी काय धराचं?"

"काही नाही. ब्रेक आहे ना आता."

"म्हंजे पुन्हा साऱ्याइच्या मांगं? त्या धुरात?"

बाकीच्या बाया माझ्याकडे बघत राहिल्या. वर्गात मी पोरांकडे अशीच बघायचे.

यंदा उताराच्या तोंडाशी अध्यक्ष जीपजवळ आला. "मॅडम, ब्रेक तं झाला म्हनता. मंग दोर कायले?"

"जुन्या गाडीचा काय भरोसा बाबा," मी म्हटलं. आरशात बाया दोर मनगटाला गुंडाळत होत्या, यंदा पक्का. मी हात वर केला. बाया मागे रेलल्या, जीप उभी राहिली. ब्रेकवर मी पाय ठेवलाच नाही.