चांद्याचं शिंग

लहानूजी सुतारांइतका अडेल माणूस मी माझ्या दुकानात दुसरा पाहिला नाही. आणि दुकानात माणसं कमी येत नाहीत. सिंदी मेघेत माझं खेळण्यांचं दुकान आहे. तान्हा पोळा जवळ आला की आईबाप लेकरांसाठी लाकडी बैल घ्यायला गर्दी करतात. सगळ्यांना एकच हवं असतं: रंगीत, गुळगुळीत आणि शेजारच्या पोराच्या बैलापेक्षा मोठा. कारखान्यातून तसे बैल खोक्यांनी येतात. लहानूजी मात्र अल्लीपूरहून एस.टी.नं वर्षाला पाचच आणायचे, आणि पाचातला एक दुसऱ्यासारखा नसायचा.

"काकाजी, दोन तरी सारखे करा. लोकायले जोडी पाह्यजे असते," मी म्हणायची.

"मी जो बैल पाह्यला तो करतो बाई. सारखे दोन बैल मले अजून दिसले नाई."

त्यांचं पोट चालायचं दारं आणि चौकटींवर. पण कामातून सवड मिळाली की ते कुणाच्याही गोठ्यात जाऊन दुपारभर बसायचे. बैलाच्या पाठीवरून, वशिंडावरून हात फिरवायचे आणि घरी येऊन सागाच्या तुकड्यातून तोच बैल काढायचे. कागदावर एक रेघसुद्धा नाही. गावातली माणसं हसायची. खरं सांगायचं तर मीही हसायची.

दोन वर्षं त्यांचे बैल माझ्याकडे धूळ खात पडले. यंदा पाच बैल काउंटरवर ठेवून ते म्हणाले, "यावर्षी नाई गेले तर बैल बंद. मंग आपल्या चौकटीच बऱ्या." मला त्यांचा रागच आला. शिंगाच्या एका वळणासाठी माझ्याशी तासभर भांडणारा हा माणूस, आणि इतक्यात हार मानतो?

ते गेल्यावर बैल पुसायला घेतले, तर एकाचं डावं शिंग अर्ध्यातून तुटलेलं. एस.टी.च्या धक्क्यांनी मोडलं असणार! म्हाताऱ्याला कळलं तर आणखी खचेल, म्हणून मी गुपचूप एम-सील आणलं, वळून वळून टोक केलं आणि वर काळा रंग दिला. शिंग असं झकास जमलं की माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली.

पोळ्याला चार दिवस होते तेव्हा प्रभाकरराव नातीला घेऊन आले. मूळचे अल्लीपूरचे, टपाल खात्यातून निवृत्त झालेले, आता आमच्याच गल्लीत राहतात. नात कारखान्याच्या बैलांकडे पळाली. प्रभाकरराव लहानूजींच्या बैलांच्या फळीसमोर थांबले ते थांबलेच.

"बाई, हा आमच्या भावाचा चांद्या होय," ते म्हणाले. "ही मान पाहा. पाणी प्यायच्या आधी अशीच वाकडी करते तो. पण याले हे शिंग कोणी लावलं?"

मी चाचरत सांगितलं की तुटलं होतं, म्हणून जोडलं.

"तुटलं नोतं, तसंच हाये ते! लहान होता तवा फाटकात अडकून मोडलं. काढा ते आधी."

मी पेचकस घेऊन ते टोक उडवलं. खाली लाकूड नीट घासलेलं होतं, कडा हातानं गोल केलेली. मोडलेलं शिंग लहानूजींनी कोरलेलं होतं, आणि तीन वर्षं त्यांचे बैल विकायला ठेवणाऱ्या मला ते दिसलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. प्रभाकररावांनी मात्र घासाघीस न करता चांद्या छातीशी धरला आणि दुकानातूनच फोन लावायला सुरुवात केली: "अरे, आपल्या गावचे बैल इथं येऊन राह्यले!"

संध्याकाळपर्यंत अल्लीपूरचेच दोन चुलतभाऊ एका पांढऱ्या बैलावरून माझ्यासमोर भांडले. तो कुणाच्या गोठ्यातला, यावर त्यांचं एकमत होईना. शेवटी धाकट्यानं नेला, आणि थोरल्यानं चिडून शेजारचा घेतला. चौथा दुसऱ्या दिवशी सकाळी गेला. पाचवा मी स्वतःसाठी काउंटरखाली लपवला होता. तो शाळेतल्या मयुरी मॅडमनी हेरला आणि माझ्या नाकावर टिच्चून नेला. तान्ह्या पोळ्याला मैदानात शंभर रंगीत बैल एकसारखे उभे होते, आणि लोकांचा घोळका होता मोडक्या शिंगाच्या चांद्याभोवती. प्रभाकरराव नातीच्या आधी स्वतःच सगळ्यांना माहिती देत होते.

दुसऱ्या दिवशी लहानूजी उरलेले बैल न्यायला रिकामं पोतं घेऊन आले. फळी रिकामी पाहून म्हणाले, "माळ्यावर टाकले का?"

मी सगळं सांगितलं, माझ्या एम-सीलसकट. ते रागावले नाहीत. एकच विचारलं, "त्यायनं सोताहून ओळखला? तुमी सांगतलं नोतं?"

"मी तोंड उघडायच्या आधी ओळखला, काकाजी."

ते स्टुलावर बसले. डोळे पुसले, पुन्हा भरले, मग पुसायचेच सोडून दिले. "मले वाटे," ते म्हणाले, "हे एकट्या मलेच दिसते."

मी त्यांच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. पण मी पडले दुकानदार. म्हटलं, "पुढच्या पोळ्याले चांद्याचे वीस करा. हातोहात जातीन."

लहानूजी ताडकन उठले. पोत्याची घडी घालून काखेत मारली.

"चांद्या एकच हाये बाई," ते म्हणाले. "वीस पाह्यजे असन तर मले वीस गोठे दाखवा."

तेव्हापासून दर रविवारी माझ्या स्कूटीवर मागे लहानूजी असतात, आणि आम्ही बैल पाहत हिंडतो.