कान बांधून गाय शोधली

चहाचा कप आधी खाली ठेवा, नंतर अंगावर सांडला म्हणून मला बोल लावू नका. माझ्याइतका शहाणा गुराखी एटापल्लीच्या अख्ख्या जंगलात झाला नसेल.

चाळीसेक वर्षं झाली. थंडीचे दिवस होते. आमची लाल गाय आदल्या सांजेला जंगलातून परतलीच नाही, आणि घरी तिचं आठ दिवसांचं वासरू भुकेनं हंबरत होतं. त्यात माझा कान ठणकत होता. बायकोनं दोन्ही कानांवरून दुपट्टा असा करकचून बांधला, की कान डोक्याला चिकटूनच गेले.

“गाय घेतल्याबिगर येऊ नका,” ती म्हणाली.

गाईला लालूच म्हणून खिशात वाळलेली मोहफुलं भरली आणि निघालो. पहाडीच्या पायथ्याशी तिच्या गळ्यातली लाकडी घंटा ऐकू आली. टक, टक. अगदी समोर.

मी चाललो, घंटा चालली. मी थांबलो, घंटा थांबली. मी पळालो, तर तीही पळाली. काय चलाख जनावर म्हणावं? दिसतही नाही आणि दूरही जात नाही. तुम्ही म्हणाल, मागे वळून का नाही पाहिलं? अहो, मागून तर मीच आलो होतो. तिथं गाय कशाला असेल?

असा दोन कोस गेलो. थंडीत घामानं भिजलो. पुढल्या गावच्या विहिरीवर एक म्हातारी पाणी भरत होती.

“बाई, इकडून गाय गेली का?”

“कोन्ती गाय, भाऊ?”

“लाल. गळ्यात घंटा हाय. वासरू उपाशी हाय वो तिचं.”

म्हातारी बराच वेळ माझ्या कमरेकडे पाहत राहिली.

“मंग तुमच्या खिशात तोंड घालून राह्यली, ते कोनाची?”

घरी आणली. वासरू पोटभर प्यालं, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

गावच्या गुरुजींनी नंतर समजावलं. म्हणे बाहेरच्या कानाला ज्या घड्या असतात, त्यांच्यामुळेच आवाज पुढून आला की मागून, ते कळतं. मी त्याच दाबून बांधल्या होत्या. मला तर वाटायचं, बाहेरचा कान गुरुजींना पिळता यावा म्हणूनच दिलेला असतो.

दुसऱ्या दिवशी गाय चरायला सोडली. पाहतो तर बायको तिच्या पाठीवरून हात फिरवत, माझ्याकडे बोट दाखवून तिलाच सांगत होती, “माय, यायले सांजेच्या आत घरी आनजो.”