जाऊबाईंचा उजळ चेहरा

माझ्या थोरल्या जाऊबाई सरकारी इस्पितळाच्या तळघरात चादरी धुतात. आमच्या पणजोबांना या देशातल्या गोऱ्यांनी मजुरीसाठी जहाजातून आणलं. तेव्हापासून आम्ही इथेच जन्मतो, इथेच मरतो, पण रंग काळा म्हणून अजून बाहेरचेच. वरच्या वॉर्डात आमच्यातली एक नर्स नाही. डॉक्टरचं तर नावच काढू नका.

मध्यंतरी इस्पितळाच्या साहेबांना आमचा पुळका आला. 'आरोग्य सर्व रंगांचे' म्हणून समिती निघाली. आमच्या रंगाचं कुणीतरी त्यात दिसायला हवं, म्हणून जाऊबाईंना खुर्ची मिळाली. त्या पडल्या फटकळ. पहिल्याच बैठकीत म्हणाल्या, "आमच्या बायका ओरडल्या तरी वर कुणी ढुंकून बघत नाही. बाळंतपणाच्या वॉर्डात आमच्यातली एक नर्स ठेवा."

"फार छान मुद्दा!" अध्यक्षबाई म्हणाल्या आणि त्यांनी जाऊबाईंना फोटोसाठी उभं केलं.

वॉर्डाच्या दारावर भलंमोठं पोस्टर लागलं. त्यात जाऊबाई हसत होत्या, पण चक्क गव्हाळ! छापताना मेल्यांनी रंग उजळ केला होता. मी चिडवलं, "जाऊबाई, काय हो लावलंत तोंडाला?" एरवी टाळी दिली असती. तेव्हा नुसत्या पोस्टरकडे बघत राहिल्या.

पुढे त्याच वॉर्डात त्यांची लेक बाळंत झाली. मुलगी झाली, पण रक्त थांबेना. "आई, गरगरतंय गं," पोर म्हणत होती. जाऊबाई नर्सकडे धावल्या.

"तुमच्या बायकांचा कांगावाच फार," नर्स म्हणाली. "बाहेर थांब."

जाऊबाईंनी पोस्टरकडे बोट दाखवलं. "ती मीच आहे. समितीत आहे मी."

नर्सने एकदा पोस्टर पाहिलं, एकदा त्यांना. "ती? काहीतरीच!" म्हणाली आणि दार लावून घेतलं.

डॉक्टर आले तेव्हा पोर गेलेली होती. मी दारात उभी होते, बाळ माझ्या हातात होतं. त्या नर्सचा गळा धरावासा वाटला, अजूनही वाटतो. जाऊबाईंनी लेकीखालची चादर स्वतः काढली. धुवायला टाकली नाही, घरी आणली.

काही दिवसांनी समितीचं बोलावणं आलं. नव्या पोस्टरसाठी आजी-नातीचा हसरा फोटो हवा होता. नात झाल्याचं कळलं होतं, पण पोर गेल्याची त्यांना खबरही नव्हती! मी बाळाला घेऊन सोबत गेले. फोटोवाला पुढे आला तशी जाऊबाईंनी पिशवीतून ती चादर काढली आणि चकचकीत टेबलावर पसरली. रक्त वाळून काळं पडलं होतं.

"माझ्या लेकीचं आहे," त्या म्हणाल्या. "करा आता याचा रंग उजळ."

अध्यक्षबाईंनी घाईने आपले कागद उचलून घेतले, डाग लागू नये म्हणून.