दीडपट मागणी

ताईंच्या खिडकीसमोर सकाळी साडेआठलाच रांग लागायची आणि रांगेत गप्पा अशा रंगायच्या, की नवख्याला वाटावं इथे सिनेमाची तिकिटं मिळतात. मिळायच्या गोळ्या. एचआयव्हीच्या. महिन्याला एक बाटली, बाटलीत तीस गोळ्या, रोज एक. ती एक गोळी वेळेवर पोटात गेली की माणूस कामावर जातो, पोरं वाढवतो, शेजाऱ्याशी भांडतो, थोडक्यात सगळं रीतसर करतो. गोळ्या चुकत गेल्या की विषाणू डोकं वर काढतो, आणि त्या औषधाला एकदा का तो पुरून उरला, की पुढचं औषध सरकारला कितीतरी महाग पडतं. ताई हे प्रत्येकाला सांगायच्या. लोकांना ते इतकं पाठ झालं होतं, की ताईंनी "हे बघा" म्हटलं की पुढचं वाक्य रांगच म्हणून टाकायची.

ताई सरकारी उपचार केंद्रात फार्मासिस्ट होत्या. वय बावन्न, उंची बेताची, आवाज मुळीच बेताचा नाही. दिसेल ते मोजायची त्यांना खोड. त्यांचे यजमान शिंपी, घराखालीच दुकान. ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "मी बघायला गेलो तेव्हा हिने माझ्या शर्टाची बटणं मोजली. नेमकं एक कमी निघालं. तेव्हापासून मी हिच्यापुढे मान खाली घालूनच आहे."

एकोणीस वर्षं ताई मदतनीस होत्या. मग वरिष्ठ निवृत्त झाले, भांडाराच्या किल्ल्या हातात आल्या आणि ताईंनी पहिल्याच दिवशी आतलं कपाट उघडलं. आत मुदत संपलेल्या बाटल्या. नऊशे. ताई स्टुलावर बसल्या. नऊशे बाटल्या म्हणजे पंच्याहत्तर माणसांचं अख्खं वर्ष. त्याच आठवड्यात शेजारच्या तपासणी खोलीत तपासणीचे संच संपले होते आणि एका गरोदर बाईला "पुढच्या सोमवारी या" म्हणून परत पाठवलं होतं. दोन्ही गोष्टींचा खर्च एकाच तिजोरीतून होत होता. म्हणजे इकडे औषध कपाटात सडत होतं आणि तिकडे तपासणीला दमडी उरत नव्हती. ताईंचा संताप संताप झाला.

हे असं का व्हायचं, तर एका जुन्या रिवाजामुळे. दर सहा महिन्यांनी प्रत्येक केंद्र मुख्य कार्यालयाकडे मागणीपत्र पाठवायचं. कार्यालय प्रत्येक मागणीला एक तृतीयांश कात्री लावायचं, कारण केंद्रं फुगवून मागतात. आणि केंद्रं दीडपट फुगवून मागायची, कारण कार्यालय कात्री लावतं. आधी कोणी सुरू केलं, देव जाणे. एखाद्या वर्षी कात्री चालवायला कोणी विसरलं, की कपाटं भरायची. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं आणि सगळे गंभीर चेहऱ्याने सह्या करत होते.

ताईंनी ठरवलं, आपण हे करायचं नाही. चारशे माणसं, सहा महिने, चोवीसशे बाटल्या. तेवढाच आकडा लिहिला आणि खाली झोकात सही ठोकली.

कार्यालयाने नेहमीप्रमाणे कात्री चालवली. आल्या सोळाशे.

"हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच," यजमान म्हणाले.

ताईंनी मुख्य कार्यालयाला फोन लावला. पलीकडे साहेब होते. त्यांचा आवाज पोळून निघालेल्या माणसाचा.

"बाई, सगळे असंच म्हणतात, की आमचा आकडा खरा."

"पण माझा खरोखरच खरा आहे."

"हेही सगळे म्हणतात," साहेब म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

सोळाशे बाटल्या चार महिने पुरणार होत्या. उरलेल्या दोन महिन्यांचं काय, हा प्रश्न ताईंच्या छातीवर येऊन बसला. रांगेतल्या लोकांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ते आपले हसत होते, एकमेकांना टाळ्या देत होते. त्यांच्याकडे बघून ताईंना पहिल्यांदाच स्वतःच्या प्रामाणिकपणाची लाज वाटली. खरं बोलायची हौस आपली आणि उपास यांना!

एकाला मात्र कळलं. रक्ताचे नमुने गोळा करणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर. तो स्वतःच अकरा वर्षं ताईंच्या खिडकीवरून गोळ्या नेत होता आणि हे तो कोणापासून लपवत नसे. बाटली घेताना त्याने आतल्या फळ्यांकडे बघितलं.

"ताई, फळी रिकामी दिसते. माझी बाटली राहू द्या महिनाभर. मी धडधाकट आहे, मला काही होत नाही."

"धडधाकट आहेस तो हिच्यामुळे!" ताई इतक्या जोरात ओरडल्या, की रांग गप्प झाली. "इथे कोणी कोणासाठी गोळी सोडायची नाही. घे ती, आणि दान करायची एवढी हौस असेल तर मला गाडीतून ने."

"कुठे?"

"मुंगीभाऊंकडे."

मुंगीभाऊ म्हणजे पलीकडच्या केंद्राचे फार्मासिस्ट. साठवणुकीची आवड म्हणून हे नाव, आणि त्यांना ते शोभायचंही. नमुन्यांची गाडी दर बुधवारी सगळ्या सात केंद्रांना जायची, जाताना रिकामी, येताना चार डबे घेऊन. एवढी गाडी आणि एवढं डिझेल बोटभर नळ्यांसाठी! ताई पुढच्या सीटवर बसल्या आणि वाटेत मैलाचे दगड मोजत गेल्या.

मुंगीभाऊंनी चहा मागवला, हवापाण्याच्या गोष्टी काढल्या. ताकाला जाऊन भांडं लपवणं ताईंच्या स्वभावात नव्हतं.

"भाऊ, मला दोन महिन्यांच्या बाटल्या हव्यात. आठशे."

"माझ्याकडे कुठल्या असायला?" मुंगीभाऊ कपाटाला पाठ लावून उभे राहिले.

"बाजूला व्हा बरं जरा."

"ताई, ऐका तरी. माझ्याकडे शिल्लक आहे हे वर कळलं तर पुढच्या वेळी अर्धी कात्री लावतील. माझी माणसं कुठे जातील मग?"

माणूस लोभी नव्हता, घाबरलेला होता. ते ओळखून ताईंचा आवाज खाली आला. त्यांनी कपाटातली एक बाटली काढून त्यांच्या हातात दिली.

"तळाची तारीख वाचा."

मुंगीभाऊंनी चष्मा लावला. पाच महिन्यांनी मुदत संपत होती.

"आणि साठा किती महिन्यांचा आहे?"

"नऊ," मुंगीभाऊ पुटपुटले.

"म्हणजे चार महिन्यांच्या बाटल्या तुमची माणसं खाऊच शकणार नाहीत. त्या तुम्ही भट्टीत घालणार, नाहीतर मला देणार. सांगा काय ते."

मुंगीभाऊ बराच वेळ बाटली हातात फिरवत राहिले. मग स्वतःच खोकी उतरवायला लागले, आणि उतरवता उतरवता इतके हलके झाले की गाणंही गुणगुणले. साडेपाचशे बाटल्या तिथेच निघाल्या. बाकीच्या अडीचशे पुढच्या तीन बुधवारांत इतर केंद्रांनी काढून दिल्या, प्रत्येकाने "वर सांगू नका हं" या अटीवर. ताईंच्या खिडकीवर एकाचीही गोळी एका दिवसाने चुकली नाही.

पण वर कळलंच. अशा गोष्टींना पाय असतात. एके दिवशी न सांगता साहेब दारात उभे! परवानगीशिवाय सरकारी औषध गावोगाव हिंडतंय, अशी तक्रार गेली होती. साहेब उंच, वाकलेले, खिशाला तीन पेनं. एकूण एक बाटली ते स्वतः मोजायला बसले. त्यांच्या मोजणीत दोनशे अकरा भरल्या.

"दोनशे बारा," ताई न बघताच म्हणाल्या.

साहेबांनी पुन्हा मोजलं. दोनशे बारा भरल्या. मग त्यांनी माणसांची कार्डं काढली, तारखा लावून बघितल्या, चारशे कार्डांत खाडा शोधला. सापडला नाही. संध्याकाळी उठताना त्यांनी एवढंच विचारलं, "तुमच्याकडे यंदा मुदत संपून किती गेल्या?"

"एकही नाही."

"बघू," साहेब म्हणाले आणि चहा न घेता गेले.

आता सरकारी माणसाच्या "बघू"चा अर्थ कोणी काय लावावा? ताईंनी वाईटच लावला. पुढच्या मागणीपत्राची वेळ आली, तेव्हा केंद्रात चारशे वीस माणसं झाली होती. म्हणजे पंचवीसशे वीस बाटल्या. ताई कागद घरी घेऊन आल्या आणि जेवण होईपर्यंत त्याच्याकडे बघत बसल्या.

"हे बघ," यजमान म्हणाले, "आम्ही कापड बेततानाच शिवणीत चार बोटं माया सोडतो. त्याला कोणी खोटं म्हणत नाही."

"तुमची माया आत दुमडलेली असते. भट्टीत जात नाही."

"मग लिही खरं, आणि जा पुन्हा गाडीत बसून मैलाचे दगड मोजायला."

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. ताईंना रिकामी फळी आठवली, "माझी बाटली राहू द्या" म्हणणारा ड्रायव्हर आठवला आणि त्यांनी लिहिलं, तीन हजार सातशे ऐंशी. बरोबर दीडपट. सही मात्र या वेळी झोकात आली नाही.

महिन्याभराने खोकी आली. ताईंनी मोजली. मग पुन्हा मोजली. मग ड्रायव्हरला मोजायला लावली.

"तीन हजार सातशे ऐंशी," तो खुशीत म्हणाला. "ताई, पूर्ण आल्या! कात्रीच लागली नाही!"

वरच्या खोक्यावर साहेबांच्या हाताची चिठ्ठी होती. 'या केंद्राच्या आकड्याला कोणी हात लावू नये. बाई खरं लिहितात.'

ताईंनी चिठ्ठी दोनदा वाचली. आयुष्यात एकदाच खोटं लिहिलं आणि नेमकं त्याच दिवशी सरकारने विश्वास ठेवला! कपाळावर हात मारावा की हसावं ते कळेना, म्हणून त्यांनी दोन्ही केलं.

"गप्प बसा," ड्रायव्हर हलक्या आवाजात म्हणाला. "ठेवून द्या आत. कोणाला कळतंय?"

ताईंनी आतल्या कपाटाकडे बघितलं. रिकामंच होतं ते, बाराशे साठ बाटल्या आरामात मावल्या असत्या. त्यांनी फोन उचलला.

"साहेब, मी खोटं लिहिलं. बाराशे साठ जास्त आहेत. चूक माझी. हवी ती कारवाई करा, पण आधी बाटल्या परत न्या."

"बाई," साहेब म्हणाले, "तुमच्यासाठी मी भर बैठकीत भांडलो."

"चिठ्ठी वाचली मी. लाज वाटते."

"सव्वीस वर्षं नोकरी केली मी. कमी आल्या म्हणून रोज दहा फोन येतात. जास्त आल्या म्हणून आजवर एक आला नव्हता." साहेबांना हसू फुटलं आणि बराच वेळ थांबेना. मग ते एकदम थांबले. "थांबा. तिकडे डोंगरातल्या केंद्रावर एक नवा फार्मासिस्ट आलाय. सकाळपासून तीनदा फोन झाला त्याचा. म्हणतो, मी खरा आकडा लिहिला होता, एक तृतीयांश कापलात, माझी माणसं उपाशी राहतील. मी म्हटलं, सगळे असंच म्हणतात."

"किती कमी पडतायत त्याला?"

"बाराशे म्हणतो."

"साहेब, त्याचा नंबर द्या. आणि आज बुधवार आहे, बाटल्या न्यायची परवानगी लेखी द्या, म्हणजे गाडी उजळ माथ्याने जाईल."

परवानगी तासाभरात आली. ताईंनी नंबर फिरवला. पलीकडून दमलेला, चिडलेला आवाज आला, "हॅलो, कोण?" आणि ताई काही बोलायच्या आतच, "बाराशेच कमी आहेत हो, शपथेवर सांगतो, एकही जास्त मागत नाही..."

"माहीत आहे मला," ताई म्हणाल्या. "तुमचा आकडा खरा आहे. बाराशे बाटल्या निघाल्यात, संध्याकाळी पोचतील. उतरवून घ्यायला माणसं ठेवा."