दामूदादांची वाऱ्याची वही

नव्या प्लॉटवर पाऊल ठेवलं की दामूदादा भोईर आधी चपला काढत. मग शर्टाच्या खिशातून तंबाखूची पत्र्याची डबी बाहेर येई. डबीत तंबाखू नसे, भाताचं तूस असे. बोटांत मावेल तेवढं तूस घेऊन ते हात डोक्याच्या वर नेत आणि बोटं हळूहळू सैल करत. तूस कुठे पडलं ते वाकून बघत, पावलांनी अंतर मोजत आणि शाळकरी वहीत लिहून ठेवत.

हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला नोकरीला लागून आठवडा झाला होता. अंबरनाथच्या आमच्या ऑफिसात कारखान्यांचे आराखडे निघतात. बॉयलर कुठे, टाक्या कुठे, गेट कुठे, हे आम्ही ठरवतो. मी डिग्रीवाला इंजिनियर. दामूदादा आयटीआय झालेले ड्राफ्ट्समन, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, तरी मला साहेब म्हणत.

"पूजा आहे का? मग नारळ आणायला हवा होता," मी चेष्टेत म्हणालो.

"नारल नंतर फोडू साहेब. आधी वारा कुठून येतो ते त्यालाच विचारू."

चिखलोलीला त्यांची भातशेती होती. कारखाने आले, शेती गेली, पण खळ्यावर भात उपणताना शिकलेलं गेलं नाही. ते म्हणत, "सूप उलट्या बाजूला धरलं तर तूस आपल्याच डोल्यात. कारखान्याचं पन तसंच." मी नकाशा काढताना आधी यंत्रं मांडायचो. ते मागून म्हणत, "मानसाचं नाक कुठं असनार ते आधी आखा साहेब. टाक्या मंग." आणि वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या माझ्या सुबक बाणाकडे बघून हसत. "कागदावर वारा नसतो. बान असतो."

आमचे मालक लालवाणी साहेब उल्हासनगरचे. माझं प्रत्येक काम बघून झालं की चष्मा काढून एकच प्रश्न विचारायचे, "दामू को पूछा क्या?"

पहिल्यांदा मला त्याचं काही वाटलं नाही. दहाव्यांदा वाटलं. एकदा उल्हासनगरात जीन्स धुण्याच्या कारखान्याचा आराखडा मी केला होता. दामूदादांनी गच्चीवर तूस सोडलं आणि म्हणाले, "साहेब, बॉयलरची काजली सगली वालत घातलेल्या कपड्यांवर पडंल." तसंच झालं असतं. त्या कारखान्याच्या मालकाने त्यांना बाजूला बसवून लस्सी पाजली. "आपको दिखती है क्या हवा?" म्हणाला. मी शेजारी उभा होतो. लस्सी मलाही दिली, पण माझ्याकडे न बघता.

त्या दिवशी घरी येऊन मी बायकोवर विनाकारण ओरडलो. मला या माणसाचा हेवा वाटायचा. त्यांच्या पगाराचा नाही, तो माझ्या निम्मा होता. त्यांच्या त्या शांतपणाचा. आपल्याला येतं हे कुणाला दाखवायची गरज नसलेल्या त्या चेहऱ्याचा.

मग अंबरनाथ आणि बदलापूरच्या मधल्या एका केमिकल कंपनीचं काम आलं. आम्लाच्या टाक्या कुठे आणि कामगारांचं कॅन्टीन कुठे, हा प्रश्न होता. मी मुंबईच्या वेधशाळेची वर्षभराची सरासरी काढली. वारा बहुतेक पश्चिमेचा. म्हणून कॅन्टीन पश्चिमेला, टाक्या पूर्वेला. पुस्तकाप्रमाणे बरोबर.

दामूदादांनी माझ्या टेबलावर वही ठेवली. तो प्लॉट त्यांच्या घरापासून जवळ. काम यायच्या आधीपासूनच, वर्षभर सकाळ, दुपार, संध्याकाळ तिथे जाऊन त्यांनी वारा लिहिला होता.

"पश्चिमेचा जोरात असतो म्हनून सगल्यांना दिसतो," ते म्हणाले. "थंडीत सकाली पूर्वेचा येतो. हलू, जमिनीला धरून. जोराचा वारा माफ करतो साहेब, सगलं उडवून नेतो. हलू वारा माफ करत नाय. सातला पहिली शिफ्ट चहाला बसनार. टाक्या उत्तरेला घ्या, कॅन्टीन दक्षिनेला. दोन्ही वारे आडवे जातील."

"मग तुम्हीच सांगा ना लालवाणी साहेबांना."

"पुतनीची हलद हाय, मी चार दिवस नाय. तुमी इंजिनियर, तुमी नीट मांडाल."

त्यांनी विश्वासाने दिलेली ती वही मी ड्रॉवरमध्ये टाकली आणि किल्ली फिरवली. खारे वारे आणि मतलई वारे मीही शाळेत शिकलो होतो. दामूदादांचं बरोबर आहे हे मला वही उघडताच कळलं होतं. दुसऱ्या दिवशी लालवाणी साहेबांनी चष्मा काढला. "दामू को पूछा क्या?"

"विचारलं," मी म्हणालो. "ओके म्हणाले."

दामूदादा परत आले तेव्हा नकाशा कंपनीकडे गेला होता. त्यांना मी सांगितलं, "वही दाखवली, पण पार्टीला पटलं नाही." ते एवढंच म्हणाले, "बरं."

कारखाना उभा राहिला. घराजवळ म्हणून त्यांची बायको, लीलावहिनी, त्याच कॅन्टीनमध्ये पोळ्या करायला लागल्या. दुसऱ्या वर्षीच्या थंडीत एका सकाळी टाकीचा जोड सुटला. पांढरा धूर वर गेला नाही. गवतावरून सरपटत पश्चिमेला गेला आणि कॅन्टीनच्या दारातून आत शिरला. टेबलांवरची माणसं पळाली. शेगड्यांपुढच्या बायका शेवटी निघाल्या. कुणी दगावलं नाही. पण लीलावहिनींचा आवाज गेला तो घोगरा होऊनच परत आला. हळदीत गाणी म्हणायला त्यांना आसपासच्या गावांतून बोलावणं यायचं.

लालवाणी साहेबांनी आम्हा दोघांना समोर उभं केलं. "दामू, तूने ओके बोला था. तेरे पे भरोसा किया मैंने!"

दामूदादांनी माझ्याकडे पाहिलं. मग शांतपणे म्हणाले, "साहेब, माझी वही?"

"कुठली वही?" मी म्हणालो.

त्यांनी टेबलावरची तुसाची डबी खिशात टाकली आणि ते गेले. परत कामावर आले नाहीत. "दामू को पूछा क्या?" हे त्यानंतर ऑफिसात कुणी विचारलं नाही. मला हवं होतं ते मिळालं होतं.

गेल्या मार्गशीर्षात दामूदादा गेल्याचं कळलं. दहाव्यानंतर एका सकाळी मी वही घेऊन चिखलोलीला गेलो. लीलावहिनींनी चहा ठेवला. मी वही पुढे केली आणि सगळं सांगून टाकलं. ड्रॉवर, किल्ली, "ओके म्हणाले", सगळं.

"ठावं हाय," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "त्यांना पन ठावं होतं. ही ठेवा तुमच्याकडंच. त्यांनी दुसऱ्या लिवल्या."

त्यांनी कपाटाकडे बोट दाखवलं. वह्यांची चळत होती. कुणी मागितलं नसताना, कुणी बघणार नसताना, गेल्या महिन्यापर्यंत रोज तीन वेळा लिहिलेला वारा. मी माफी मागायला गेलो होतो. आणि त्या वह्यांपुढे उभं राहून मला पुन्हा तोच हेवा वाटला.

"वहिनी, मला माफ..."

"मला कशाला सांगता?" त्यांनी मला मध्येच तोडलं. "कॅन्टीन अजून तितंच हाय. आजपन पोरी पोल्या लाटतात तितं. जावा, त्यांना सांगा."

नवा नकाशा मी आठ दिवसांत केला. कॅन्टीन टाक्यांच्या दक्षिणेला, दोन्ही वाऱ्यांना आडवं. लालवाणी साहेब आता थकलेत. त्यांच्यापुढे जुनी वही आणि नकाशा ठेवून मी तेव्हाचं खोटं कबूल केलं. मला वाटलं, आता हाकलतील. त्यांनी चष्मा काढला, नकाशावर बोट ठेवलं.

"ये दामू का है?"

"हो."

"फिर ठीक है. प्रिंट निकालो. कल मैं खुद आता हूँ कंपनी में."

माझं एक अक्षर त्यांनी तपासलं नाही. गेलेल्या माणसाचा शब्द पुरला. तो जुना हेवा पुन्हा जागा झाला. तो तसाच जागा असताना मी नकाशाच्या कोपऱ्यात, माझ्या नावाच्या वर लिहिलं: वाऱ्याच्या नोंदी, दामोदर भोईर.